जठरातला पॉलिप काढायला जाण्याआधी: आत्याच्या दोन फेऱ्यांनंतर लिहिलेली यादी

आत्याच्या जठरातला पॉलिप पहिल्याच फेरीत निघाला असता. कराडजवळच्या गावाहून ती पहाटे निघाली, उपाशीपोटी पुण्यापर्यंत आली, हाताला सुई टोचून घेतली, आणि दुर्बिणीच्या (एंडोस्कोपीच्या) खोलीच्या दारातून आम्ही परत फिरलो. आदल्या आठवड्यात मी तिला फोनवर विचारलं होतं, "आत्या, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का तुझी?" ती म्हणाली, "नाही गं." ती खोटं बोलत नव्हती. चार वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यापासून रोज रात्री ती जी कॅप्सूल घेते, तिला घरात सगळे 'हृदयाची गोळी' म्हणतात. सुई लावताना सिस्टरनी गोळ्यांची पाकिटं बघायला मागितली, तेव्हा त्या कॅप्सूलच्या पाकिटावर क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ करणाऱ्या औषधाचं नाव निघालं. ते अंगात असताना दोन सेंटिमीटरचा पॉलिप कापणं धोक्याचं होतं. डॉक्टरांनी ते केलं नाही, आणि बरोबरच केलं.

त्यानंतर दुसऱ्या फेरीपर्यंत जे काही विचारलं, शिकले आणि वहीत टिपलं, ते इथे सलग लिहिते आहे. तुमच्या घरातही कोणाच्या दुर्बिणीच्या रिपोर्टवर 'गॅस्ट्रिक पॉलिप' असं आलं असेल, तर त्या माणसाच्या आणि तुमच्या हाताशी हे असू द्या. मी डॉक्टर नाही. यातली प्रत्येक गोळी कधी बंद आणि कधी सुरू, हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं आहे. त्यांना काय विचारायचं आणि त्यांच्यापर्यंत काय पोचवायचं, तेवढं माझ्या यादीत आहे.

सगळ्यात आधी पहिल्या तपासणीचा कागद घेऊन बसा. घरात लगेच 'पोटात गाठ निघाली' अशी बातमी पसरते आणि गाठ म्हटलं की माणसं पुढचं ऐकतच नाहीत. पॉलिप म्हणजे जठराच्या आतल्या अस्तरावर उगवलेला कोंब. कधी तो मानेवरच्या मसासारखा देठाला लोंबतो, कधी नुसता उंचवटा असतो. बहुतेकांना त्याचा काही त्रासही होत नसतो, दुसऱ्याच कशासाठी दुर्बीण घातली आणि दिसला, असंच बहुधा होतं. रिपोर्टवर चार गोष्टी आहेत का बघा: पॉलिप किती आहेत, केवढे आहेत, जठराच्या कुठल्या भागात आहेत, आणि तुकडा तपासायला पाठवला असेल तर तो कुठल्या जातीचा निघाला. यातलं काही नसेल तर फोन करून विचारून घ्या. फोटो असतील तर तेही मागून घ्या, कारण पुढचे डॉक्टर ते आधी बघतात.

जात कळणं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथे थोडी थांबते. फंडिक ग्लँड पॉलिप नावाचे असतात ते लहान, गुळगुळीत, बहुधा एकापेक्षा जास्त, आणि जठराच्या वरच्या-मधल्या भागात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल अशा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये ते जास्त दिसतात. त्यांच्यापासून कॅन्सर होण्याची भीती जवळजवळ नसते. एक सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल किंवा दिसायला वेगळा असेल तर तुकडा तपासतात, नाहीतर बहुतेकदा तसेच सोडून देतात. अशा माणसाला खरा प्रश्न विचारायचा तो गोळीबद्दल: ही गोळी मला अजून लागते का, कमी करता येईल का? मात्र वय चाळिशीच्या आत आणि पॉलिप पुष्कळ, किंवा घरात कोणाला तरुणपणी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला, असं असेल तर ते आपणहून सांगा. फॅमिलियल ॲडेनोमॅटस पॉलिपोसिस नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यात जठरातले हे निरुपद्रवी कोंब दिसतात आणि खरा धोका मोठ्या आतड्यात असतो. त्यासाठी खालून दुर्बीण घालून बघावं लागतं.

दुसरी जात हायपरप्लास्टिक. आत्याचा हाच होता. जठराच्या अस्तराला बराच काळ सूज असली की हे उगवतात. त्या सुजेचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियातल्या दोन डॉक्टरांनी १९८२ साली तो जठरातून वाढवून दाखवला. अल्सर जंतूमुळे होतो हे कोणी मानेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन बघितला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. हे इथे सांगते, कारण या जंतूवर औषध दिल्यावर काही हायपरप्लास्टिक पॉलिप लहान होतात, काही तर नाहीसे होतात. म्हणून लहान असतील तर आधी जंतूवर इलाज करून काही महिन्यांनी पुन्हा बघतात. साधारण एक सेंटिमीटरच्या पुढचा असेल, रक्त झिरपत असेल किंवा जठराच्या बाहेर पडायच्या तोंडाशी अडकून उलट्या होत असतील, तर काढतात. मोठ्या हायपरप्लास्टिक पॉलिपमध्ये क्वचित पेशी बिघडलेल्या निघतात, हेही त्यामागचं कारण.

तिसरी जात ॲडेनोमा. हा थोडा, पण खरा धोका. यातल्या पेशी कॅन्सरच्या वाटेवर निघालेल्या असतात, म्हणून तो केवढाही असला तरी काढायचाच, आणि नंतर जठर पुन्हा तपासत राहायचं. रिपोर्टवर ॲडेनोमा लिहिलं असेल तर 'दिवाळी झाल्यावर बघू' असं करू नका. आणखी एक: कधी कधी पॉलिपसारखा दिसणारा उंचवटा अस्तराच्या खालच्या थरातून आलेला असतो, किंवा न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा, असतो. त्याचं पुढचं सगळं वेगळं, त्यामुळे त्याला ही यादी पुरेशी नाही.

आता गोळ्या. माझ्या वहीतली सगळ्यात जास्त पानं यांचीच आहेत. पेशंटला नावं विचारू नका, घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत भरून आणा. उशाखालची, देवघराच्या फळीवरची, गुडघे दुखले की घ्यायची, शेजारणीने दिलेली, वैद्यांचं चूर्ण, काढ्याची बाटली, सगळं. हृदयाच्या गोळ्यांमध्ये हल्ली एकाच कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं औषध असं तीन-तीन भरलेलं असतं. आत्याची तसलीच होती. क्लोपिडोग्रेल थांबवायचं म्हणून ती कॅप्सूलच बंद केली असती तर ॲस्पिरिनही गेलं असतं, आणि स्टेंट असलेल्या माणसाचं ॲस्पिरिन सहसा थांबवत नाहीत. तिच्या हृदयाच्या डॉक्टरांनी कॅप्सूल बंद करून ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी वेगवेगळी लिहून दिली, आणि क्लोपिडोग्रेल तेवढं सात दिवस आधी थांबवलं. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन किंवा ॲसिट्रोम असेल, ॲपिक्साबॅन किंवा डॅबिगॅट्रानसारखी नवी गोळी असेल, तर प्रत्येकीचा हिशोब वेगळा. स्टेंट बसवून वर्ष झालेलं नसेल तर पॉलिप काढणंच बहुधा पुढे ढकलतात. म्हणून पोटाच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांचं आपसात बोलणं होऊ द्या, आणि कोणती गोळी कुठल्या तारखेला बंद, कुठल्या तारखेला सुरू, हे एका कागदावर लिहून घ्या. नुसता तुकडा घ्यायचा असेल तर बहुतेकदा काही थांबवावं लागत नाही. पॉलिप काढायचा असेल तेव्हाच हा सगळा खटाटोप. म्हणून वेळ घेताना 'नुसतं बघणार आहात की काढणार आहात?' हे स्पष्ट विचारा.

साखरेच्या गोळ्यांचंही तसंच. उपाशीपोटी नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं तर साखर खाली जाते, म्हणून त्या सकाळचा डोस विचारून घ्या आणि शक्य तर पहिला नंबर मागा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या उपाशीपणी वेगळाच त्रास देऊ शकतात आणि काही दिवस आधीच थांबवाव्या लागू शकतात. वजनासाठी किंवा साखरेसाठी सेमाग्लुटाइड चालू असेल तर तेही सांगा, त्याने जठर उशिरा रिकामं होतं. पेसमेकर असेल तर तो सांगायचा, कारण पॉलिप कापताना वीज वापरतात.

पित्ताच्या गोळीबद्दल एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. पहिल्या तपासणीत आत्याची हेलिकोबॅक्टरची चाचणी निगेटिव्ह आली होती. तेव्हा ती रोज पँटोप्राझोल घेत होती. या गोळीने जंतू दबून राहतो आणि चाचणीत सापडत नाही. दुसऱ्या फेरीच्या आधी डॉक्टरांनी ती दोन आठवडे बंद ठेवायला सांगितली, जळजळ झाली तर घ्यायला दुसरं औषध दिलं. त्या वेळी पॉलिपशिवाय बाकीच्या अस्तराचेही तुकडे घेतले, आणि जंतू निघाला. तेव्हा तुमची चाचणी निगेटिव्ह असेल तर ती कुठली गोळी चालू असताना झाली, हे एकदा विचारा.

रक्ताच्या तपासण्या आठवडाभर आधी करून ठेवा: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठण्याची चाचणी, साखर, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. आत्याचं हिमोग्लोबिन ८.१ होतं. वर्षभर तिला लोहाच्या गोळ्या चालू होत्या. लोहाने शी काळी होते हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे काळी होते आहे म्हणून कोणी घाबरलं नाही. पण लोहाचा काळेपणा आणि रक्ताचा काळेपणा यात फरक असतो. रक्त पचून आलेली शी डांबरासारखी चिकट, चकचकीत आणि उग्र वासाची असते, पाणी टाकलं तरी भांड्याला धरून बसते. घरात लोह घेणारं माणूस असेल तर हा फरक त्याला संकोच न ठेवता सांगून ठेवा. वय झालेल्या माणसाचं रक्त कमी असेल, तर जठरात पॉलिप सापडला म्हणून शोध तिथेच सोडू नका. मोठं आतडं तपासायचं का, ते विचारा. आत्याचं तपासलं, ते नीट निघालं.

पैशांचं थोडक्यात. मेडिक्लेम असेल तर नुसती दुर्बीण बहुधा बसत नाही, पॉलिप काढणं दिवसभराच्या उपचारात बसू शकतं. कंपनीला आधी विचारून मंजुरी घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजना असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांच्याकडे चौकशी करा.

आदल्या दिवसाचं जेवण हलकं, आणि वेळेवर. घन पदार्थ सहा ते आठ तास आधी बंद, साधं पाणी बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या रुग्णालयाने सांगितलेली वेळ पाळा. इथे भाषेचा एक घोळ होतो. 'उपाशी या' म्हटलं की आमच्याकडच्या मोठ्या बायका उपास समजतात, आणि साबुदाण्याची खिचडी, केळं, दूध, चहा हे त्यांच्या हिशोबात 'खाणं' नसतं. म्हणून 'काही खायचं नाही' एवढ्यावर थांबू नका, एकेक नाव घेऊन सांगा: चहा नाही, दूध नाही, खिचडी नाही, तीर्थ-प्रसाद नाही, सुपारी नाही, तंबाखू नाही. आणि मिश्री. दुसऱ्या फेरीच्या पहाटे मी विचारलं, "आत्या, मिश्री लावलीस का?" तिचा हात डबीकडेच निघाला होता. "दात घासायचे नाहीत का मग?" म्हणाली. मिश्रीत तंबाखू असते, तोंडाला लाळ सुटते, थोडी गिळली जाते, आणि गुंगीत ती श्वासनळीत जायला नको. तिला साध्या ब्रशने दात घासून चूळ भरायला सांगितलं. तिने ऐकलं. ब्लडप्रेशरची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं, तेवढी दिली.

पिशवीत फार काही लागत नाही. जुने सगळे रिपोर्ट, गोळ्यांची पिशवी, तारखांचा कागद, कवळी ठेवायला डबी, चष्म्याचं घर, एक चादर. कवळी आत जाण्याआधी काढावी लागते. नखाला रंग असेल तर घरीच पुसा, बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावतात. दागिने घरी ठेवा. मंगळसूत्र काढायचं जिवावर येत असेल तर हे आधीच, घरात, शांतपणे बोलून घ्या. ऐनवेळी दारात त्यावरून रडारड नको. बरोबर एक जाणता माणूस हवा, जो थांबेल, ऐकेल आणि घरी नेईल. गुंगीच्या औषधानंतर पेशंटला सगळं सांगितलेलं आठवत नाही, 'हो, हो' म्हणत असला तरी. त्याने दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवू नये, कुठल्या कागदावर सही करू नये.

सहीच्या कागदावर काय लिहिलं आहे, ते आत जाण्याआधी विचारा. आत्याला तिथल्या डॉक्टरांनी स्टुलावर बसून समजावलं, आणि त्याने तिची निम्मी भीती गेली. घशात बधिर करायचा फवारा मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी देतात म्हणजे दुर्बीण चावली जात नाही. पॉलिपच्या बुडाशी द्रव टोचून तो उचलतात, तारेचा फास टाकून आवळतात आणि विजेने कापतात. रक्त आलं तर तिथेच औषध टोचतात किंवा धातूची बारीक क्लिप लावतात. पोटावर चीर नाही, टाके नाहीत. मुख्य धोका रक्तस्रावाचा. भोक पडणं क्वचित, पण ते होऊ शकतं आणि झालं तर राहावं लागतं, कधी ऑपरेशन लागतं. हे ऐकून घाबरायला होतं, तरी ऐकलेलं बरं. क्लिप लावली असेल तर कागदावर लिहून घ्या. ती काही आठवड्यांत आपोआप गळून निघून जाते, पण मध्येच एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगावं लागतं. काढलेला पॉलिप अख्खा तपासायला जाणार ना, हेही विचारा. आधीचा तुकडा म्हणजे डोंगराचा एक दगड. पूर्ण पॉलिप बघितल्यावरच काठापर्यंत स्वच्छ आहे की नाही ते कळतं.

नंतरच्या दोन आठवड्यांची तयारी जाण्याआधीच करायची असते. रक्तस्राव लगेच होऊ शकतो, तसा आठ-दहा दिवसांनीही होऊ शकतो. आत्याला त्याच संध्याकाळी गावी जायचं होतं, म्हैस व्यायला आली होती. मी तिला पाच दिवस पुण्यातच ठेवून घेतलं, म्हशीकडे भावजयीने बघितलं. त्या पंधरवड्यात लांबचा प्रवास, लग्न, जत्रा, देवदर्शनाच्या पायऱ्या, काही ठरवू नका. पहिल्या दिवशी गार-कोमट पेज, ताक, मऊ भात, मग हळूहळू नेहमीचं. तिखट, दारू, तंबाखू लांब. गुडघेदुखीची डायक्लोफिनॅकसारखी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. क्लोपिडोग्रेल पुन्हा कधी सुरू करायचं, ते घरी निघण्याआधी विचारा. थांबवलेली गोळी सुरू करायची राहून जाणं हा स्टेंटवाल्यांसाठी मोठा धोका आहे. फ्रिजवर एक कागद चिकटवा: रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, डांबरासारखी शी, न थांबणारं पोटदुखणं, ताप, चक्कर, छातीत धडधड. यातलं एकही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असलं तरी निघायचं. रात्री चालू असलेला रुग्णालयाचा नंबर त्याच कागदावर.

रिपोर्ट आठवडाभरात येतो. तो आणायला जाताना प्रश्न लिहून न्या. जात कोणती निघाली? डिस्प्लेजिया, म्हणजे पेशींचा बिघाड, आहे का, असेल तर हलका की जास्त? काठ मोकळे आहेत का? आणि बाजूच्या अस्तराचं काय? हा शेवटचा प्रश्न फार कोणी विचारत नाही, पण पुढचा धोका किती ते पॉलिपइतकंच अस्तरावरूनही ठरतं. तिथे 'ॲट्रॉफी' किंवा 'इंटेस्टाइनल मेटाप्लेजिया' लिहिलं असेल, तर अस्तर झिजलं आहे किंवा त्याने आतड्यासारखं रूप घेतलं आहे, आणि ते किती पसरलं आहे यावर पुढच्या तपासण्या ठरतात. अस्तर झिजलेल्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वही कमी असू शकतं, तेही तपासून घ्या. जंतू निघाला असेल तर बहुधा चौदा दिवसांचा औषधांचा कोर्स असतो, दिवसाला पुष्कळ गोळ्या, तोंड कडू, पोट बिघडतं. अर्ध्यावर सोडला तर जंतू तसाच राहतो आणि तेच औषध पुढच्या वेळी चालेनासं होतं. आत्याला आम्ही दोन्ही वेळी व्हिडिओ कॉल करून समोर गोळ्या घ्यायला लावल्या.

तिचा पॉलिप हायपरप्लास्टिक निघाला, बिघाड नव्हता, काठ मोकळे होते. हिमोग्लोबिन तीन महिन्यांत ११ वर आलं. जंतू गेला का, हे कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी शीच्या किंवा श्वासाच्या चाचणीने बघायचं, आणि त्याआधी दोन आठवडे पित्ताची गोळी बंद. रक्तातली अँटिबॉडी चाचणी इथे उपयोगाची नाही, जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह येत राहते. त्या चाचणीची तारीख, गोळी बंद करायची तारीख आणि वर्षाने पुन्हा दुर्बिणीसाठी यायची तारीख, तिन्ही आत्याने तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिल्या आहेत, म्हशीच्या तारखेच्या शेजारी.